झारीतले शुक्राचार्य

लहानपणी आमच्या घरी दिवाळीची चाहूल आकाशकंदिलाने लागत नसे, तेलाच्या डब्याने लागे. वसुबारसेच्या आधी चार दिवस वडील पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणीत. आई खिळा आणि बत्ता घेऊन बसे आणि डब्याच्या वरच्या पत्र्याला समोरासमोर दोन भोके पाडी. “तेल एकातूनच ओतायचे, मग दुसरे कशाला?” असे मी एकदा विचारले. आईने दुसऱ्या भोकावर बोट ठेवून डबा कलता केला. धार अडखळू लागली, भुळूक भुळूक करीत थेंबांवर आली. तिने बोट उचलले, आणि धार पुन्हा सुरळीत सुरू झाली. “त्याला श्वास नको का घ्यायला?” एवढेच ती म्हणाली.

ही आठवण गेल्या उन्हाळ्यात निघाली ती न्यू जर्सीत, धाकट्या बहिणीच्या घरामागच्या हिरवळीवर. शनिवारची सकाळ होती आणि आमचे मेहुणे गवत कापण्याच्या यंत्रात पेट्रोल भरीत होते. तिकडे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, आणि ज्याला हिरवळ आहे त्याच्या मोटारीच्या खोलीत बहुधा एक तांबडा प्लॅस्टिकचा डबाही असतो. मेहुण्यांच्या डब्याची तोटी अशी, की एका हाताने डबा उचलायचा, दुसऱ्याने तोटीवरची कळ फिरवायची आणि मग तोटी टाकीच्या काठावर दाबून धरायची. आतली स्प्रिंग दबली तरच पेट्रोल बाहेर येणार. आधी ते थेंब थेंब आले, मग एकदम भसकन आले; काही टाकीत, उरलेले मेहुण्यांच्या बुटांवर.

“दादा, ज्या देशाने चंद्रावर माणूस उतरवला त्याला एक धड तोटी करता येऊ नये?” मेहुणे म्हणाले.

चौकशीअंती कळले, की ही तोटी कुणाच्या अडाणीपणातून जन्मलेली नाही. ती शहाणपणातूनच जन्मली आहे. जुन्या डब्यांना मागे हवेसाठी एक छोटे बूच असे. लोक ते उघडे टाकीत आणि पेट्रोलची वाफ रात्रंदिवस हवेत मिसळे. तिच्यापासून उन्हात विषारी धुरके तयार होते. कॅलिफोर्नियाने २००१ पासून अशा डब्यांवर निर्बंध घातले. २००९ पासून साऱ्या देशात नियम झाला, की नव्या डब्यातून गॅलनमागे दिवसाला ०.३ ग्रॅमपेक्षा अधिक वाफ निसटता कामा नये आणि तोटी आपोआप मिटली पाहिजे. मुलांच्या हाती डबा लागून भाजल्याचे प्रकार होत, म्हणून २००८ च्या कायद्याने मुलांना सहज उघडता येणार नाही असे झाकणही सक्तीचे केले. सारे हेतू चांगले. पण कारखानदारांनी मागचे बूचच काढून टाकले आणि डब्याचा श्वास कोंडला. वाफ वाचवायची म्हणून केलेल्या तोटीतून पेट्रोलच सांडू लागले.

मग वैतागलेल्या गिऱ्हाइकांसाठी बदली तोट्या बाजारात आल्या. मेहुण्यांनीही एक मागवली होती. पाकिटात एक लवचिक पिवळी नळी, डब्याच्या तोंडावर बसणारी फिरकी आणि एक छोटे बूच होते. डब्याला मागे अर्ध्या इंचाचे भोक पाडून त्यात ते बूच बसवायचे. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘इंधनासाठी नव्हे’ असेही छापलेले होते. पण बारीक अक्षरे वाचण्याची सवय कुणाला असते?

“अहो, हे तर आईचे दुसरे भोक!” मी आनंदाने ओरडलो. पंचवीस वर्षे मराठी वाचल्यावर यंत्रविद्येतले काहीतरी आपल्याला कळले, याचा तो आनंद होता. “डबा रिकामा झालाच आहे. आत्ताच उरकून टाका.” मेहुणे विजेचे गिरमिट घेऊन आले. मी डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. पाच वर्षांचा भाचा गंमत बघायला शेजारी येऊन उभा राहिला.

तेवढ्यात बहीण धावत बाहेर आली. तिने आधी मुलाला ओढले आणि मग गिरमिटाची तार उपटली.

“दादा, तो तेलाचा डबा नाही रे!”

ती रसायनशास्त्र शिकलेली. तिने सांगितले ते ऐकून माझे हात गार पडले. पेट्रोल जळते ते त्याच्या वाफेने, आणि ही वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही सुटते. काठोकाठ भरलेल्या डब्यात तिला हवा मिळत नाही. नुकत्याच रिकाम्या झालेल्या डब्यात मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. गिरमिटाच्या मोटारीतली एक ठिणगी पुरे. आणि नव्या नळीत एक गोष्ट नव्हतीच. २०२० च्या कायद्यामुळे, जुलै २०२३ पासून तयार होणाऱ्या पाच गॅलनपर्यंतच्या डब्यांत ज्वाळा आत शिरू न देणारी योजना लागते, बहुधा बारीक जाळीची. जाळीचा धातू उष्णता शोषून घेतो आणि ज्योत पलीकडे जात नाही. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी दिवा केला, त्यातली युक्ती हीच. बदली नळीत जाळी नव्हती आणि मुलांना आवरणारी कळही नव्हती.

त्या रात्री मला झोप लागेना. बलिराजाची गोष्ट आठवत राहिली. वामनाला दान देताना पाणी पडेना, कारण शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले होते. वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि त्यांचा एक डोळा गेला. तेव्हापासून अडवणूक करणाऱ्या प्रत्येकाला आपण ‘झारीतला शुक्राचार्य’ म्हणतो. पण ते तिथे का बसले होते? आपल्या यजमानाचे राज्य वाचावे म्हणून! काडी खुपसणाऱ्याने निदान एवढे तरी विचारावे, की आत कोण बसले आहे आणि तो कुणाला राखतो आहे. मी विचारले नव्हते, आणि माझ्या काडीपुढे भाचा उभा होता.

मेहुण्यांनी ती पिवळी नळी केराच्या टोपलीत टाकली आणि कारखान्यांत वापरतात तसा पत्र्याचा डबा आणला. किंमत बरीच अधिक. पण त्याला तोंडे दोन: एक भरायचे, दुसरे ओतायचे, आणि ओतताना हवा आत घेण्याचीही सोय. धार एकसारखी पडते, हात सोडला की झाकण मिटते, आणि जाळी आपल्या जागी असते.

यंदाही आमच्या घरी तेलाचा डबा येईल. मी त्याला खिळ्याने दोन भोके पाडीन. पण या पाडव्याला बळीची पूजा करताना एक फूल शुक्राचार्यांनाही वाहीन म्हणतो.