‘नको, आत्ताच झाला’

वसई पट्ट्यातल्या एका धर्मग्रामाचे दोन स्वयंसेवक रविवारच्या मिस्सानंतर नालासोपाऱ्याच्या एका चाळीत गेले. दहा बाय दहाची खोली. नवरा अंथरुणाला खिळलेला, बाई चार घरची धुणीभांडी करणारी, मुलगी नववीत. दोघांनी कॉटच्या कडेला बसून सगळी विचारपूस केली. रेशन मिळालं का, गोळ्या किती उरल्या, फी कुठवर भरली. वहीत लिहून घेतलं. पाकीट दिलं, तेही शेजाऱ्यांना दिसणार नाही असं. मग बाईने मुलीच्या हातावर पैसे ठेवले आणि तिला दुधाच्या पिशवीसाठी पिटाळलं. दोघे लगेच उठले. ‘नको, नको, ताई. आत्ताच झाला. अजून चार घरं करायचीत.’ मुलगी चपला घालता घालता दारातच थांबली.

या भेटीत बाकी कुठे बोट ठेवायला जागा नाही. माणसं भली होती, मदत गरजेची होती, वेळेवर पोचली होती. म्हणूनच त्या न घेतलेल्या चहापाशी थांबायला हवं.

गरजूला कचेरीत न बोलावता आपण त्याच्या घरी जायचं आणि जोडीने जायचं, ही रीत जगभरच्या धर्मग्रामांत रुजवण्यात संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाच्या सोसायटीचा वाटा मोठा. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी १८३३च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये ती सुरू केली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. आदल्याच वर्षी कॉलराने ते शहर पोखरलं होतं. कोणाच्या घरी जायचं आणि तिथे कसं वागायचं, हे या मुलांना रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने शिकवलं. बैठकीत पिशवी फिरवायची आणि कोणी किती टाकले हे कोणालाच कळू द्यायचं नाही, ही पद्धतही याच सोसायटीची. देणाऱ्याने मिरवू नये, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याचा इतका बारीक विचार या कामामागे आहे. चहा मात्र त्यातून सुटला.

तो सुटायला नको होता, कारण जोडीने जाण्याची आज्ञा जिथून आली तिथेच त्याचंही सांगितलेलं आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. ज्या घरी जाल तिथे ते जे देतील ते खा, प्या, हेही तो त्याच वेळी सांगतो. एक सूचना पहिल्या वचनात, दुसरी सातव्यात. पहिली आपण काटेकोर पाळतो. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो याच्याही पुढे जातो. विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईकडे तो आपणहून पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोनी माणसांशी असा व्यवहार ठेवत नसत. त्याने आधी मागितलं आणि मग देण्याची गोष्ट काढली.

महाराष्ट्रात तर हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. तळ्याचं पाणी ओंजळीने पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तो याच प्रांतात. आपल्या हातचं कोणी घेतलं आणि कोणी टाळलं, हे इथे माणसं जन्मभर लक्षात ठेवतात. कामाच्या घरी जिचा कप वेगळा ठेवलेला असतो, तिला ‘आत्ताच झाला’ हे कसं ऐकू येत असेल? स्वयंसेवकांच्या मनात तसलं काही नसतं, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यांचं मन तिला दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच, की ही माणसं आली, बसली आणि काही न घेता गेली.

यावर उत्तर ठरलेलं असतं. त्यांच्यावर भार कशाला? उत्तर प्रामाणिक आहे, पण बरोबर नाही. भार किती झेपेल याचा हिशोब बाईने पैसे काढायच्या आधीच केलेला असतो, आणि पैशापैशाचा हिशोब तिच्यापेक्षा चांगला कोणाला येतो? तो आपण परस्पर खोडतो. महिन्याच्या किराण्यात तिला काय हवं ते आपण ठरवलं, पाकिटात किती घालायचे ते आपण ठरवलं. निदान स्वतःच्या खोलीत पाहुण्याला काय द्यायचं, एवढं तरी तिच्याकडे राहू द्यावं. वसईचा वाडीवाला स्वतःच्या दारातून कोणाला चार केळी हातात दिल्याशिवाय सोडत नाही आणि ती नाकारली तर त्याला लागतं. तेच लागणं दुसऱ्याच्या दारात आपल्याला कळू नये? शिवाय आपण तिला ‘ताई’ म्हणतो. बहिणीच्या घरून असं कोणी उठून जात नाही.

चहा उकळेपर्यंतच्या पाच-सात मिनिटांत बरंच काही घडतं. बाई शेगडीकडे तोंड करून उभी असते, वही मिटलेली असते, आणि ती बोलू लागते. मंगळसूत्र गहाण पडलंय. दहावीनंतर मुलीला कामाला लावावं असं दीर म्हणतोय. समोरासमोर बसून विचारलेल्या प्रश्नांना ही उत्तरं येत नाहीत. पण एवढ्यासाठी चहा घ्यावा, असं मी म्हणणार नाही. माहिती काढायला घेतलेला चहा नाकारलेल्या चहापेक्षा वाईट. तिला काहीतरी देता यावं, म्हणून तो घ्यायचा.

अडचणी खऱ्या आहेत. या कामात येणारे बरेचसे निवृत्त लोक, त्यात कोणाला मधुमेह, कोणाला पित्त. तर बिनसाखरेचा मागावा, दोघांत एक मागावा. तोही चालत नसेल तर पाणी मागावं, पण तिने विचारायच्या आधी मागावं. वेळ पुरत नसेल तर रविवारी पाचाऐवजी तीनच घरं करावीत आणि उरलेली दोन आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी. नव्या स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी बजावतात, की घरातलं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. त्याच वेळी हेही बजावावं. आणि फादरांनी एखाद्या रविवारी प्रवचनात लूकचा तो दहावा अध्याय घेतला, तर सातव्या वचनावर जरा जास्त वेळ थांबावं.