पायरीवर अडलेले पुनर्वसन

मज्जारज्जूला इजा झालेल्या तरुणाला रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस ठरतो आणि त्याच दिवशी कुटुंबाच्या ध्यानात येते की, त्याला नेण्याजोगे घरच आपल्यापाशी नाही. घर तेच, माणसेही तीच. पण इमारतीच्या प्रवेशाशी पाच पायऱ्या आहेत, लिफ्ट दोन मजल्यांमधल्या जिन्याच्या टप्प्यावर थांबते आणि न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही. मग चार जण त्याला खुर्चीसकट उचलून वर नेतात. बाहेरच्या खोलीत खाट पडते. पुष्कळदा ती खाट वर्षानुवर्षे तेथून हलत नाही.

दुचाकीचा अपघात, बांधकामावरून किंवा झाडावरून पडणे ही या इजेची आपल्याकडील नित्याची कारणे. तुटलेले हाड सांधते, मज्जारज्जू पूर्ववत होत नाही. कमरेखालची संवेदना जाते, मूत्राशयावरील नियंत्रण जाते. एकाच स्थितीत पडून राहिल्यास पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात. मूत्रमार्गाचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. ज्या स्वच्छतागृहात रुग्णाला स्वतःच्या बळावर जाता येते, ते त्याच्या दृष्टीने औषधोपचाराइतकेच आवश्यक असते. दाराची रुंदी ९० सेंटिमीटर, खुर्ची वळविण्यास सुमारे पाच फूट मोकळी जागा, भिंतीला भक्कम आधारदांडी आणि एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार, एवढ्यावर त्याचे स्वावलंबन अवलंबून असते.

असे घर शोधू जावे, तर तळमजले वाहनतळांनी आणि दुकानांनी व्यापलेले. भाड्याच्या घरात दार रुंद करण्यास मालक राजी नसतो. स्वतःच्या घरात फेरफार करता येतात. पण पायऱ्या सामायिक असतात आणि तेथे गृहनिर्माण संस्थेची संमती लागते. उताराने इमारतीची शोभा जाईल, एका मोटारीची जागा अडेल, एकासाठी सर्वांनी खर्च का करावा, असे आक्षेप निघतात. आक्षेप घेणारे दुष्ट नसतात. गणेशोत्सवाची वर्गणी ते आनंदाने देतात, आजारी शेजाऱ्याला डबाही पोहोचवितात. तथापि शेजाऱ्याला इमारतीबाहेर पडता यावे हा त्याचा अधिकार आहे, ही जाणीव त्यांच्या दयाभावात कोठेच नसते.

२०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा अस्तित्वातील सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्यास सांगतो. त्या व्याख्येत खासगी इमारतीही येतात. पण कसोटी लोकांच्या सार्वत्रिक वापराची असल्याने निवासी संस्थेची पायरी संदिग्धच राहते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशींच्या स्वरूपाचे असून ते मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे सांगितले आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश दिला. तो निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनाच निवृत्तीनंतर, २०२५ मध्ये, आपल्या मुलींच्या गरजांना अनुरूप घर मिळण्यात अडचण येत असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. देशाच्या माजी सरन्यायाधीशांची ही स्थिती. मग गिरणगावातील चाळकऱ्याने कोणाकडे पाहावे?

हे अशक्य आहे असेही नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र चालते. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून संस्था उभारली आणि तिचे 'घरौंदा' वसतिगृह अपंगांना वावरता येईल असेच बांधविले. परंतु सैनिक आणि संस्था यांच्यापुरतीच ही सोय मर्यादित राहावी काय? माणूस कुटुंबात वाढतो, कुटुंबात सावरतो, असे आपण अभिमानाने म्हणतो. ज्या कुटुंबाचा कर्ता मुलगा स्वतःच्या घरातच अडकून पडला आहे, त्याच्यापुढे ते म्हणताना संकोच वाटला पाहिजे.

२०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आणि आपण तो तत्परतेने स्वीकारला. २००८ पासून 'सक्षम'चे कार्यकर्ते या क्षेत्रात काम करीत आहेत. मात्र आपल्या स्वतःच्या वास्तूंकडे पाहिले, तर किती कार्यालये दुसऱ्या मजल्यावर आहेत! किती बैठका जिना चढूनच गाठाव्या लागतात! चाकाच्या खुर्चीवरचा स्वयंसेवक बैठकीला का येत नाही, हे आपण त्याला कधी विचारले आहे का? (बहुधा त्याला निरोपच जात नाही, उगाच त्रास नको, या सद्भावनेने.)

मुंबई, ठाणे, पुणे येथे आज जुन्या इमारतींचा पुनर्विकास वेगाने चालू आहे. आपले अनेक वाचक त्या समित्यांवर आहेत. क्षेत्रफळ किती वाढणार, वाहनतळ किती मिळणार, कॉर्पस किती, यांवर तेथे रात्री जागविल्या जातात. नकाशावर न्हाणीघराचे दार रुंद करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही; इमारत उभी राहिल्यावर तेच काम भिंत फोडून करावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीला आणि बाळगाडी ढकलणाऱ्या सुनेलाही तोच उतार उपयोगी पडतो, हे सभेत सांगितले तर बहुतेकांना पटते. जेथे पुनर्विकास नाही तेथेही वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावीच लागते. उताराचा विषय त्या सभेपुढे यावा, यासाठी समितीला लेखी पत्र आधीच गेले पाहिजे. आणि त्यावर त्या खाटेवरच्या तरुणाच्या वडिलांची एकट्याची सही असू नये.