देऊळ कोणाच्या नावावर?



महाशिवरात्रीला पनवेलच्या विरूपाक्ष महादेवाच्या जुन्या देवळात जा. बेल आणि दूध घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका दिसतील. उपास त्यांचा, घरच्यांचा फराळही त्यांनीच रांधलेला. पण गावोगावच्या देवळांचा कारभार कोणाच्या हाती असतो, हे आपण सहसा विचारत नाही.

दाराशी अडवले की मात्र आपण चिडतो, आणि चिडायलाच हवे. नोव्हेंबर २०१५ मध्ये शनिशिंगणापूरला एक स्त्री चौथऱ्यावर चढली, तर देवाला दुधाचा अभिषेक घालून शुद्धी केली गेली. बाईचा विटाळ, दुसरे काय! जानेवारी २०१६ मध्ये त्याच देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच स्त्री आली, तरी चौथरा बायकांना बंदच राहिला. खुर्ची मिळाली, पायरी नाही.

मग विद्या बाळ आणि ॲड. नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. तेथे आधार सापडला तो १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा. दलितांना देवळे खुली व्हावीत म्हणून झालेला हा कायदा, प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद सांगणारा. साठ वर्षे बायकांसाठी तो कोणी उघडलाच नव्हता. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले की मंदिरप्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे आणि तो राखणे हे सरकारचे काम आहे. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला. त्र्यंबकेश्वरच्या विश्वस्तांनी तर त्याच दिवसांत समानता म्हणून पुरुषांनाही गाभारा बंद करून टाकला. बायकांना आत घेण्यापेक्षा त्यांना ते सोपे वाटले असावे.

आपल्यातल्या काहीजणी विचारतात, आम्ही देवच मानत नाही, मग देवळात शिरून काय मिळवायचे? मीही पूजा करत नाही. पण ज्या विटाळापायी गाभारा बंद, त्याच विटाळापायी घरातला देव्हारा आणि लोणच्याची बरणीही बंद. देवळातला नियम मोडला की घरातल्या मुलीला बोलायला बळ येते.

आणि प्रवेशावर थांबून भागणार नाही. देवळाकडे पैसा असतो, जमीन असते, गावात वजन असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या देवस्थानांच्या विश्वस्तांची नावे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाहता येतात. पनवेल परिसरातल्या प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या एका देवळाची नोंद काढावी. विश्वस्तांत बायका किती, दानपेटी उघडताना कोण हजर असते, पाळीबद्दलची पाटी दाराशी आहे का, एवढे लिहून पुढच्या अंकासाठी पाठवा.