औषध गायीला, अंश गायरीत



आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, बेंगळूरूत किंवा त्याही पलीकडे स्थिरावले. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला अनेकांच्या घरी अजून दोन-चार जनावरं आहेत. गावाहून परतताना गाडीच्या डिकीत तांदळाबरोबर कुंड्यांसाठी शेणखताचं पोतंही येतं. आज त्या पोत्याविषयी.

गायीला कासदाह झाला, की डॉक्टर अँटिबायोटिक देतात. गरज असेल तेव्हा ते द्यायलाच हवं. औषध चालू असताना आणि नंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हे बहुतेक घरांत ठाऊक असतं. शेणाचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही. टेट्रासायक्लिनसारख्या औषधांचा मोठा भाग जनावराच्या अंगात न जिरता शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. तिथून गायरीत आणि गायरीतून शेतात.

हा अंश थोडा असतो, त्याने लगेच कोणी आजारी पडत नाही. पण शेणामातीतले जंतू त्या थोड्या औषधात तगायला शिकतात आणि ती युक्ती दुसऱ्या जंतूंनाही देतात. आमच्या क्षेत्रातल्या कॉपी-पेस्टसारखंच! ती माणसाच्या रोगजंतूंपर्यंत पोचली, तर उद्या आपल्या मुलांच्या आजारावर औषध लागू पडणार नाही. याच धोक्यामुळे केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये दुधा-मांसासाठी पाळलेल्या जनावरांना व कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी घातली.

उपाय जुनाच आहे: खत नीट कुजवणं. ढीग चांगला पेटला, की आत ५५ ते ६५ अंश उष्णता तयार होते. त्या उष्णतेत आणि जंतूंच्या कामात टेट्रासायक्लिनचा बराचसा अंश काही आठवड्यांत मोडतो. पण नुसतं शेण टाकून ठेवलं, की ढीग पेटत नाही. त्याला हवा लागते आणि कोरडा माल लागतो. पिंजर, पालापाचोळा, भुसा असे थर घालावेत. ओल इतकी, की मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. ढीग अधूनमधून खालीवर करावा, म्हणजे कडेचं शेणही आत जाऊन तापतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेप काकां’नी, खताच्या टाकीच्या भिंतीला भोकं ठेवली ती हवेसाठीच.

आपल्याकडे खरा प्रश्न पावसाचा. जांबोटीच्या पावसात उघडी गायरी भिजून थंड पडते आणि तिचं काळं पाणी ओढ्यातून मलप्रभेकडे जातं. कणकुंबीला उगम पावणारी ही नदी पुढे हुबळी-धारवाडची तहान भागवते. म्हणून ढीग उंचवट्यावर हवा आणि वर छप्पर किंवा ताडपत्री हवी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू या. एन्रोफ्लॉक्सासिन हे जनावरांचं औषध गायीच्या शरीरात काही प्रमाणात सिप्रोफ्लॉक्सासिन बनतं. हेच औषध डॉक्टर आपल्यालाही देतात. या जातीची औषधं शेणाला घट्ट चिकटतात आणि कुजवूनही सहजी जात नाहीत. तगायला शिकलेले जंतूही कमी होतात, पण सगळे संपतीलच असं नाही. म्हणजे कंपोस्ट ही दुसरी चाळणी. पहिली चाळणी गोठ्यातच: स्वच्छ कास, कोरडी जमीन आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही.

पुढच्या फोनवर गावी दोनच प्रश्न विचारा. गेल्या दोन-तीन महिन्यांत जनावराला कोणतं औषध झालं? आणि ढीग तापला होता का? तपासायला यंत्र नको. लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटं खुपसून ठेवायची. बाहेर काढल्यावर हातात धरवली नाही, तर काम चालू आहे. थंड निघाली, तर ढीग खालीवर करायला हवा. ते काम मात्र वडिलांवर न सोडता पुढच्या सुट्टीत आपणच फावडं हातात घ्यावं.