साबणाची वडी पिशवीतच राहू द्या

मंडळी, आजचं जरा चिडून लिहितोय. शनिवारचा चहा हातात असेल तर आधी तो संपवा, मग वाचा.

निमित्त तसं साधं आहे. आमच्या टीममधला एक मित्र मागच्या महिन्यात आइसलँडला जाऊन आला. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून फोटोंचा कार्यक्रम झाला. निळसर दुधाळ पाणी, त्यावर वाफ, मागे काळे खडक, तोंडाला पांढरा चिखल फासलेले हे दोघं नवरा-बायको. "काय नॅचरल आहे रे सगळं!" हे वाक्य तो तीनदा बोलला. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही.

ते ब्लू लगून हा नैसर्गिक झरा नाहीच मुळी. शेजारी स्वार्टसेंगी नावाचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. जमिनीतलं गरम पाणी वापरून झालं की ते बाजूच्या लाव्हाच्या खडकात सोडून देत. १९७६ पासून ते तिथे साठत गेलं आणि तळं झालं. पाण्यातल्या सिलिकामुळे त्याला तो रंग आला. १९८१ च्या सुमारास सोरायसिसचा एक रुग्ण त्यात उतरला, त्याला बरं वाटलं, बोलबाला झाला आणि पुढे तिकीट लागलं. म्हणजे आपले लोक हजारो रुपये मोजून वीजकेंद्राच्या सांडपाण्यात बसून येतात. माझी त्याला हरकत नाही. पाणी स्वच्छ आहे, मजा येत असेल.

मी त्याला फक्त एवढंच विचारलं, "पाण्यात उतरायच्या आधी काय केलंस?"

"साबण लावून आंघोळ. अंगावर एक कपडा न ठेवता. सक्ती आहे तिथे."

"आणि दोन वर्षांपूर्वी कोकणात?"

तो हसला. मीही हसलो, कारण त्या ट्रिपला मी होतो. त्याने कुंडात उभं राहून डोक्याला शॅम्पू लावला होता, आणि अर्धं पाऊच मी त्याच्याकडून मागून घेतलं होतं. तेव्हा ही पोस्ट वाचताना "हा कोण मोठा शहाणा" असं वाटलं तर बरोबरच वाटतंय. मी त्यातलाच आहे.

आता थोडं भूगोलाच्या तासाला बसू या. पालघरकडच्या कोकनेर-सातिवलीपासून वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, मग पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, पुढे उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूरचं उन्हाळे. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात ही माळ ओवलेली आहे. गावांची नावंच बघा ना. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. आपण 'ऊन ऊन वरणभात' म्हणतो तोच हा ऊन. खानदेशातलं उनपदेव आणि किनवटजवळचं उनकेश्वर ही त्यांचीच भावंडं. मार्केटिंग टीम जन्माला यायच्या आधी लोकांनी पाण्याचा गुण थेट पत्त्यात लिहून ठेवला.

हे पाणी गरम का असतं? वज्रेश्वरीला दैत्यांच्या रक्ताची कथा सांगतात, आणि शाळेत कुणीतरी ज्वालामुखी सांगितलेला असतो. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला, तो कधीच थंड झालाय. होतं ते असं: पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून खोल जातं. दर किलोमीटरला तापमान पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास आहे. म्हणजे ते निदान दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन आलंय, वाटेत गार झालंय ते वेगळंच. आजोबांच्या काळातला पाऊसही असेल त्यात. एवढा प्रवास करून ते वर येतं, आणि वर आम्ही एक रुपयाचं पाऊच फाडून उभे!

"वाहतं पाणी आहे रे, जातं सगळं वाहून." हा ठरलेला युक्तिवाद. मीही तो केलाय. म्हणून या हिवाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा चक्क मोजलं. (कुंडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गावाला नावं ठेवून बाकीचे सुटायला नकोत.) गोमुखाखाली पंधरा लिटरची बादली धरली. भरायला वीस सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. कुंड अंदाजे पाच मीटर बाय चार, पाणी सव्वा मीटरच्या थोडं आत. म्हणजे चोवीस हजार लिटर. भागाकार करा: कुंडाएवढं पाणी आत यायला जवळजवळ नऊ तास. तेही जुनं सगळं एकदम बाहेर जात नाही, नवं-जुनं मिसळत राहतं. त्या हिशेबाने नऊ तासांनी सदतीस टक्के जुनं पाणी आतच असतं. ते पाच टक्क्यांवर यायला सत्तावीस तास लागतात.

रविवारी दुपारी बारा वाजता मी शॅम्पू लावला. सोमवारी दुपारी तीन वाजता मी एसीत बसून कोणाच्या तरी कोडमधल्या चुका काढत होतो, आणि त्या गावच्या बायका माझ्या फेसात अंग शेकत होत्या. तेही फक्त माझ्या एकट्याच्या नव्हे. लाँग वीकेंडला तिथे शेकड्यांनी माणसं उतरतात.

पण खरं चिडायचं कारण वेगळंच आहे. या वेळी आई बरोबर होती. तिचे गुडघे गेली चार वर्षं बोलतात. लहानपणी ती माहेरच्या माणसांबरोबर याच कुंडावर यायची, त्याच्या गोष्टी मी शंभरदा ऐकल्यात. पाच तास गाडीत बसून आली बिचारी. बायकांच्या कुंडातलं पाणी उपसलेलं, तळाला शेवाळ. कपडे बदलायच्या खोलीला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. खिडकीतून डोकावलं तर आत सिमेंटच्या गोण्या. दुसऱ्या कुंडात पंधरा-वीस पोरं, स्पीकरवर गाणी, दोघा-तिघांच्या हातात मोबाइल आणि शूटिंग चालू. पोरं कुठली म्हणाल तर आपल्यातलीच. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र नव्हतं एवढंच.

आई म्हणाली, "राहू दे रे, पाय बुडवले की झालं." पायरीवर बसली, साडी घोट्यापर्यंत वर घेतली, दहा मिनिटं पाय पाण्यात सोडले आणि उठली. परतीच्या वाटेवर विषय नाही काढला तिने. मीच काढला नाही.

आता या विषयावर दोन पक्ष आहेत, आणि मला दोन्ही मान्य नाहीत.

पहिला पक्ष आमच्या कँटीनमधला. "सगळं खासगी करून टाका. रिसॉर्ट काढा, हजार रुपये तिकीट लावा, आपोआप स्वच्छता येईल." येईल की! पण मग भाताची लावणी करून कंबर धरलेली बाई हजार रुपये कुठून देणार? ज्यांच्या गावाचं नावच त्या पाण्यावरून पडलं, त्यांनी कुंपणाबाहेरून वाफ बघायची? आणि तिकीट काढलेला माणूस सुधारतो हा समज मल्टिप्लेक्समध्ये शो संपल्यावर खुर्च्यांखाली बघितलं की उतरतो.

दुसरा पक्ष म्हणतो, "देवाचं पाणी आहे, त्याला कसले नियम? ते आपोआप शुद्ध होतं." अहो, देवाचंच आहे तर जास्त जपायला हवं. यमुनोत्रीच्या सूर्यकुंडात आपण तांदूळ-बटाटे कापडात बांधून शिजवतो आणि प्रसाद म्हणून घरी आणतो. तिथे कोणी शॅम्पू काढत नाही. (पाणी अंग भाजण्याइतकं कढत असल्यामुळेही असेल म्हणा :-) )

याच पक्षाचा दुसरा मुद्दा गंधकाचा. "गंधकाचं पाणी, सगळे त्वचारोग बरे होतात." कोकणातल्या बऱ्याच झऱ्यांत मुख्य भरणा सोडियम, कॅल्शियम, क्लोराइडचा. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो नाकाला कळायला अगदी कणभर वायू पुरतो. गरम पाण्याने दुखरे सांधे सैल होतात, बरं वाटतं, हे खरं. पण म्हणून उघड्या जखमा आणि खरूज घेऊन सगळ्यांच्या कुंडात उतरायचं हा औषधोपचार नव्हे. शिवाय कोमट-गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो. पाणी नाकात गेलं तर तो मेंदूपर्यंत पोचतो. फार क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस बहुतेक वाचत नाही. तेव्हा डुबक्या आणि सुरुंग्या बंद. मान वर ठेवून बसा.

मग करायचं काय? जपानचं उदाहरण देतो, पण महागड्या हॉटेलांचं नाही. नागानोमध्ये नोझावा ओनसेन नावाचं गाव आहे. तिथे तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत. प्रवेश फुकट, दारात दानपेटी. झाडलोट, देखभाल गावातले लोक आपसांत वाटून करतात. उतरायच्या आधी अंग धुवायचं, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. जिथे पाणी सगळ्यात कढत आहे ते कुंड भाज्या उकडायला राखलेलं, आणि तिथे पर्यटकांना मज्जाव. गावाचा हक्क आधी, पाहुणे नंतर. शिवाय जपानच्या १९४८ च्या ओनसेन कायद्याप्रमाणे पाण्यात काय आहे आणि कोणी उतरू नये हे फलकावर लावावंच लागतं.

यातलं आपल्याला न परवडणारं काय आहे, सांगा. कुंडाबाहेर, उताराच्या बाजूला चार नळ किंवा नुसता एक हौद आणि तांबे. तापमान आणि घटक लिहिलेला एक फलक. बायकांसाठी ठरलेली वेळ, कडी लागणारं दार आणि गावातल्याच बचत गटाकडे त्याची किल्ली. मोबाइल बाहेर. त्यासाठी काचेचा घुमट नको, सेल्फी पॉइंट नको आणि दर पाच वर्षांनी नव्या टाइल्स तर नकोतच.

आणि हे सगळं होईपर्यंत आपण काय करायचं? आइसलँडला जे मुकाट्याने केलं तेच. गावात शिरायच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणी आंघोळ करा. साबणाची वडी पिशवीतच राहू द्या. पंधरा मिनिटं बसा, उठा, दुसऱ्याला जागा द्या. बाई माणूस पायरीवर ताटकळत उभं दिसलं तर गाणं बंद करा आणि सगळे बाहेर या. कोणाची आई असते ती.

आमच्या मित्राने पुढच्या महिन्यात पुन्हा कोकणची टूम काढली आहे. मी येतो म्हटलंय, अट एकच. आई बरोबर येणार, आणि ती पाण्यात असेपर्यंत आम्ही सहा जण बाहेर पाठ करून उभे राहणार. तो लगेच "हो" म्हणाला. शॅम्पूचं पाऊच मात्र मी त्याच्या पिशवीतून आधीच काढून घेणार आहे.

असो. चहा गार झाला असेल तर ऊन करून घ्या.