खेळाडूच पंच झाला तर?

मेलेल्या लेखकांपेक्षा जिवंत लेखक शिकवणं अवघड, असं माझं मत आहे. दान्तेला जाऊन सातशे वर्षं झाली. त्याच्याबद्दल वर्गात काहीही बोला, तो जाब विचारायला येणार नाही. चालू काळातल्या कादंबरीकाराचं तसं नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उत्तर देऊ शकतो, किंवा एखाद्या पुरस्कार समितीत तुमच्या शेजारच्याच खुर्चीत बसलेला असू शकतो.

इटलीतल्या विद्यापीठांमध्ये 'इटालियन साहित्य' आणि 'समकालीन इटालियन साहित्य' हे चक्क दोन वेगळे विषय आहेत. आता या दुसऱ्या विषयाचा प्राध्यापकच कादंबरीकार असेल तर? तुम्ही म्हणाल, मैदानात खेळणाऱ्यालाच पंच नेमलं की हो! शंका रास्त आहे. तरीही मला तो पंच चालेल. का, ते सांगण्यासाठी मला वॉल्टर सितीचं उदाहरण घ्यायचंय.

सितीचा जन्म १९४७ चा, मोदेना गावचा. शिक्षण पीसाला, आणि पुढे लाक्विला विद्यापीठात तो समकालीन इटालियन साहित्य शिकवायचा. अभ्यासाचा मुख्य विषय पासोलिनी, म्हणजे १९७५ साली खून झालेला कवी आणि दिग्दर्शक. पासोलिनीच्या समग्र साहित्याचे दहा खंड १९९८ ते २००३ या काळात सितीच्या संपादनाखाली मोंदादोरीने काढले. एवढ्यावर थांबला असता तरी विद्वान म्हणून नाव राहिलं असतं.

पण १९९४ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याची पहिली कादंबरी आली. 'स्कुओला दि नूदो', म्हणजे चित्रकला विद्यालयात नग्न मॉडेल समोर बसवून चित्रं काढायला शिकवतात तो वर्ग. कादंबरी विद्यापीठातली. प्राध्यापकांची भांडणं, हेवेदावे, खुर्चीसाठीची लाचारी, सगळं त्यात आहे. आणि निवेदकाचं नाव काय? वॉल्टर सिती! समलिंगी, मत्सरी, स्वतःवर वैतागलेला प्राध्यापक. मॉडेल म्हणून मास्तर स्वतःच जाऊन बसला.

मराठी वाचकाला इथे नेमाड्यांचा चांगदेव पाटील आठवेल. तोही मास्तर, तोही कॉलेजा-कॉलेजांतलं राजकारण बघत हिंडणारा. पण नेमाड्यांनी त्याला स्वतःचं नाव दिलं नाही. सितीने दिलं, आणि २००६ च्या 'त्रोप्पी पारादीझी'मध्येही तेच नाव ठेवून वर बजावलं की हा सितीसुद्धा काल्पनिकच समजा. त्यामुळे खरं किती आणि रचलेलं किती, हे कळायला मार्गच नाही. आत्मचरित्रात लेखकाला स्वतःची बाजू मांडता येते. सितीने ती पळवाटही बुजवून टाकली.

माझा मुद्दा इथेच आहे. समीक्षक-प्राध्यापकाचं मोठं सुख हे की त्याचं स्वतःचं काही पणाला लागत नाही. दुसऱ्याचं पुस्तक फसलं असं तो म्हणतो आणि संध्याकाळी निवांत घरी जातो. सितीचं तसं नव्हतं. २०१३ मध्ये पैसा आणि गुन्हेगारी यांच्या नात्यावरच्या कादंबरीला त्याला मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये मुलांबद्दल लैंगिक ओढ असलेल्या आणि ती दाबून जगणाऱ्या पाद्र्यावरच्या कादंबरीमुळे त्याच्यावर टीकेची झोड उठली. कौतुक आणि शिव्या दोन्ही खाऊन झाल्यावर, २०२१ साली त्याने 'कोंत्रो लिंपेन्यो' हे पुस्तक काढलं. साहित्याने सतत चांगलं काहीतरी शिकवावं, समाजाचं भलं करावं, या आग्रहाविरुद्धचं पुस्तक. त्यात जिवंत, लोकप्रिय लेखकांची नावं घेऊन चिरफाड आहे. माफियाच्या धमक्यांमुळे २००६ पासून पोलीस संरक्षणात राहणारा रोबेर्तो साव्यानोसुद्धा त्यातून सुटलेला नाही.

अशा माणसाच्या लेखनावर टीका करायला धाडस लागतं, कारण लेखक शूर म्हणून पुस्तक थोर असं आपण पटकन मानून टाकतो. सितीची सगळी मतं मला पटत नाहीत. साहित्याने भलं करूच नये असं थोडंच आहे? पण हेतू चांगला म्हणून कादंबरी चांगली होत नाही, हे वर्गात कोणीतरी सांगायलाच हवं. आणि ते ज्याची स्वतःची कादंबरी कधीतरी झोडपली गेली आहे त्याने सांगितलं तर विद्यार्थी ऐकतील.

धोका आहेच. असा मास्तर प्रतिस्पर्ध्यावर जुना राग काढेल, किंवा दोस्ताला अभ्यासक्रमात घुसवेल. पण हे न लिहिणारे प्राध्यापकही करतातच की! फरक एवढाच, की लिहिणाऱ्याचं पुस्तक दुकानात असतं. ते विकत घेऊन कुठल्याही विद्यार्थ्याला त्याचा हिशोब चुकता करता येतो.

तुम्हाला काय वाटतं, मंडळी?