एडिटरने रंग नव्हे, रचना द्यावी

कोड न लिहिता वेबसाइटवर मजकूर चढवू देणाऱ्या व्हिज्युअल एडिटरचा वाद म्हैसूरमध्ये तरी केवळ संगणकवाल्यांचा मानता येणार नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही संस्था इथली. २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘भारतवाणी’ हे बहुभाषी संकेतस्थळही तिचंच. संस्थानाच्याच मानसगंगोत्री परिसरात वाचादोष आणि श्रवणदोषांवर काम करणारी अखिल भारतीय संस्था आहे. भारतीय भाषांतला मजकूर सगळ्यांपर्यंत न्यायचा, हे ज्या शहराचं रोजचं काम, तिथे तो मजकूर कोणत्या साधनाने चढवला जातो हा प्रश्न गौण कसा ठरेल?

व्हिज्युअल एडिटरचे समर्थक तीन गोष्टी सांगतात. कोड न येणाऱ्या शिक्षकाला, कारकुनाला, भाषातज्ज्ञाला आता स्वतः मजकूर चढवता येतो. लिहिणाऱ्याला पडद्यावर जे दिसतं तेच वाचकाला दिसतं. आणि तक्रार करतात ते बदलाला घाबरणारे जुने लोक. यातली पहिली गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. दुसरी खोटी आहे आणि तिसरी अन्यायाची.

‘दिसतं तेच मिळतं’ हे वचन कागदासाठी जन्मलं. १९७४ मध्ये झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा मजकूर-एडिटर घडवला, तेव्हा पडद्यावरचं पान छापील पानाशी जुळवायचं होतं. कागदाची रुंदी ठरलेली असते. वेबवरचा वाचक मात्र कोणी स्वस्तातल्या फोनवर वाचतो, कोणी अक्षर चौपट मोठं करून, तर कोणी स्क्रीन रीडर लावून नुसतं ऐकतो. त्यांच्यापैकी कोणाचं ‘दिसणं’ एडिटर दाखवतो? फक्त लिहिणाऱ्याचं.

याचा सर्वांत मोठा फटका आपल्या लिप्यांना बसला आहे. कर्नाटकातल्या कचेऱ्यांत जुन्या ‘नुडी’ फॉन्टमध्ये आणि महाराष्ट्रात ‘श्रीलिपी’त वर्षानुवर्षं टायपिंग झालं. तो मजकूर युनिकोड नव्हे. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वर कन्नड किंवा देवनागरीचा मुखवटा. असा मजकूर एडिटरमध्ये पेस्ट केला आणि फॉन्टचं नाव सोबत आलं, की टाइप करणाऱ्याच्या संगणकावर सगळं सुरेख दिसतं, कारण तो फॉन्ट तिथे बसवलेला असतो. बाहेरच्या वाचकापुढे मात्र निरर्थक चिन्हांची रांग येते. शोधयंत्राला त्यातला एक शब्द सापडत नाही. डोळ्यांना सगळं ठीक दाखवल्यामुळेच एडिटर ही चूक झाकतो. साध्या मजकूर-चौकटीत ती पेस्ट करताक्षणीच उघडी पडली असती.

शीर्षकांचंही तेच. हेडिंगची खूण न लावता ओळ नुसती ठळक आणि मोठी केली, तर पाहणाऱ्याला शीर्षक मिळतं. शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत ऐकणाऱ्या अंध वाचकाला काहीच मिळत नाही. दोष कारकुनाचा नाही. ठळक करण्याचं बटण समोर असतं आणि हेडिंग मेनूच्या आत.

आता ‘बदलाला घाबरणारे’. २०१३ च्या जुलैत इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर सर्वांसाठी सुरू झाला आणि सप्टेंबरात संपादकांच्या आक्षेपांमुळे तो ऐच्छिक करावा लागला. ते आक्षेप घेणारे रोज त्यावर काम करणारे लोक होते. २०१८ च्या ऑक्टोबरात, वर्डप्रेसचा नवा एडिटर ‘गुटेनबर्ग’ येण्याच्या तोंडावर, वर्डप्रेसच्या सुगम्यता गटाच्या प्रमुख रियान रीटफेल्ट यांनी पद सोडलं. पुढच्या वर्षी टेनॉन कंपनीच्या तपासणीत या एडिटरमध्ये सुगम्यतेचे ९१ दोष नोंदले गेले. याला भीती म्हणणं म्हणजे दुखणं सांगणाऱ्यालाच दुखण्याचं कारण ठरवणं.

पण म्हणून ‘कोडकडे परत चला’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. विकीमधला एक मोठा तक्ता कोडमध्ये दुरुस्त करून पाहा. कन्नड व्याकरण जाणणाऱ्या माणसाने कंस आणि उभ्या रेघा मोजत का बसावं? त्याचं ज्ञान वेबवर येणं या कसरतीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

एडिटर हवाच, पण रचना पुढे ठेवणारा. शीर्षक, उपशीर्षक, यादी, अवतरण, चित्राचं वर्णन ही बटणं आधी. रंग आणि अक्षराचा आकार लेखकाच्या हाती नकोतच, ते संकेतस्थळाच्या मांडणीने ठरवावेत. पेस्ट केलेल्या मजकुरातलं परकं स्वरूपण आपोआप गळावं आणि युनिकोड नसलेला मजकूर दिसताच स्पष्ट इशारा यावा. प्रत्येक काम माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर व्हावं. यात अशक्य काही नाही: लेखनसाधनं सुगम कशी असावीत याचे जागतिक निकष डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्येच प्रसिद्ध केले आहेत.

सरकारी आणि विद्यापीठीय संकेतस्थळांच्या निविदांत हे निकष अट म्हणून घातले गेले पाहिजेत, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी चाचणी घेतली पाहिजे, तीही पुरवठादाराच्या माणसाकडून नव्हे. मराठी टाइप करणाऱ्याने ‘दऱ्या’ लिहून, कर्सर मध्ये नेऊन, एक अक्षर पुसून पाहावं. कन्नडवाल्याने ओत्ताक्षरांवर, म्हणजे कन्नड जोडाक्षरांवर, तेच करावं. अंध कर्मचाऱ्याने स्क्रीन रीडरवर एक पान आरंभापासून प्रसिद्ध करून दाखवावं. जिथे हे अडेल, तिथे बिल अडवावं.